बाजू संपेपर्यंत उठायचं नाही

मिरज, डिसेंबरअखेर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं ते रंगीबेरंगी चित्र पाहिलं. वर्षभरात तुझ्या फोनने मोजलेली हजारो मिनिटं, सगळ्यात जास्त ऐकलेले पाच कलाकार, पाच गाणी. आणि खाली तुझं वाक्य: ‘काका, यातलं मला काहीच आठवत नाही. सगळे वर्षातले आवडते दहा अल्बम लिहितायत. माझी गाडी तीनवर अडली, आणि त्या तिनांत काय आवडलं तेही धड सांगता येईना. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे पाचही दिवस मांडवात बसले, तरी तीच गत. माझ्या कानातच काही कमी आहे का?’

कान ठीक आहेत. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून समजूत काढत बसत नाही. वर्षभरात तू एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली नाहीस, दुखणं एवढंच आहे. आणि दहाच का गं? हा आकडा कुणी ठरवला? माझ्याकडे कपाटभर रेकॉर्डी आहेत आणि या वर्षी मनापासून ऐकल्या त्या चार. दोन तर आधीच्या वर्षीही त्याच होत्या.

माझा नियम तुझ्या बाबांना पाठ आहे, तुला आता लेखी देतो: बाजू संपेपर्यंत उठायचं नाही. एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं. तेवढा वेळ पाणी प्यायला, दार उघडायला, फोन घ्यायला उठायचं नाही. आवडत नसेल तरी नाही. आवडत नसेल तेव्हा तर मुळीच नाही.

उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी घे. साठच्या सुमाराची. एका बाजूला मारवा राग, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, म्हणजे सा, ज्याच्यावर येऊन आपण हुश्श करायचं, तो खाँसाहेब टाळत राहतात. कोमल रिषभावर थांबतात, धैवतावर थांबतात, तुला टेकायला जागा देत नाहीत. पाचव्या मिनिटाला माणूस चुळबुळायला लागतो. पुष्कळ दिवस मीही चुळबुळलो. मग कधीतरी षड्ज लागतो आणि इतका वेळ आपण श्वास धरून बसलो होतो हे कळतं. सहाव्या मिनिटाला उठलेल्याला हे कसं मिळणार? पूरिया आणि सोहनी या रागांचेही सूर हेच. गायक कुठे रेंगाळतो यावर राग ठरतो. त्याच्याबरोबर रेंगाळली नाहीस तर तिन्ही एकच वाटणार, मग ‘मला राग ओळखता येत नाहीत’ म्हणून पुन्हा मला मेसेज.

तुमच्या फोनवर दहा सेकंद पुढे जायचं एक बटण असतं. खाँसाहेबांच्या त्या संथ झूमरा तालात दहा सेकंदांत जेमतेम दोन-तीन मात्रा होतात. चौदा मात्रांच्या एका फेरीतल्या, आवर्तनातल्या, तेवढ्याच खाऊन तू काय वाचवलंस, मला खरंच समजत नाही.

किशोरीताई आमोणकरांचा भूप राग तुझ्या तिनांत आहे, त्याचा आनंद आहे. पण तू ‘सहेला रे’ लिहिलं आहेस. त्याच्या आधीचं ‘प्रथम सूर साधे’ कुठे गेलं? त्या रेकॉर्डवर एका बाजूला भूप आहे, दुसऱ्या बाजूला बागेश्री, आणि भुपाची सुरुवात विलंबिताने, संथ लयीतल्या गाण्याने होते. त्यात त्या पाच सुरांतून ताई एकेक सूर घासूनपुसून जागेवर ठेवतात, मध्यम-निषादांची आठवणही होऊ देत नाहीत. ‘सहेला रे’ ही पुढची द्रुत, जलद लयीतली चीज उजळते ती त्यामुळे. नुसतं ‘सहेला रे’ कापून ऐकणं म्हणजे पंगतीत श्रीखंड चाटून पानावरून उठणं. गोड लागतं, कबूल. पण जेवलो म्हणू नये.

‘कॉल ऑफ द व्हॅली’चं तू काय केलंस ते वाचून तर मी चष्मा काढून ठेवला. ती रेकॉर्ड १९६७ची. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ती घडवून आणली ग. ना. जोशींनी, ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे तेच. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस आहे तो. रागांचा क्रम बघ: आधी अहीर भैरव, त्यातूनच नट भैरव, मग पिलू. बाजू उलटली की संध्याकाळचा भूप, मग देस, शेवटी पहाडी. आणि तू ते ‘शफल’वर, क्रम मोडून ऐकलंस! तुझा मेंढपाळ आधी झोपला, मग उठला आणि दुपारी कधीतरी त्याची पहाट झाली. वर लिहितेस, ‘छान आहे, पण लक्षात राहत नाही.’ कसं राहील?

तू म्हणशील, अब्दुल करीम खाँसाहेब तीन मिनिटंच गायचे की. हो, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर तेवढंच मावायचं. पण ‘पिया बिन नाही आवत चैन’ कुठे अर्धवट वाटते का सांग. तीन मिनिटांत झिंझोटी रागिणी उभी राहते, बोलते, आणि संपते. ती संपली की उठून तबकडी उलटावी लागे किंवा ग्रामोफोनला किल्ली द्यावी लागे. तेवढ्या वेळात जे ऐकलं ते कानात फिरत राही. केसरबाई केरकरांची भैरवीही जेमतेम साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ती अंतराळात गेली आणि त्याच सप्टेंबरात इकडे केसरबाई गेल्या. तेव्हा लांबीशी माझं भांडण नाही. तुझ्या फोनवर काही संपतच नाही, याच्याशी आहे. एक गाणं संपायच्या आत तो दुसरं पुढे करतो. मग उठायचं कधी? आणि उठायचंच नसेल तर बसल्याला काय अर्थ?

या नियमापायी माझ्याशी लोकांनी बोलणं टाकलं आहे, हेही तुला कळू दे. माझे एक मेहुणे दर दिवाळीला यायचे आणि म्हणायचे, तेवढं द्रुत लावा हो, वेळ नाही. मी लावत नसे. एकदा त्यांनी स्वतः सुई उचलून पुढे ठेवली. मी रेकॉर्ड काढून कव्हरात घातली आणि चहा मागवला. त्यानंतर ते आले नाहीत. तुझ्या काकू म्हणतात, घर आहे की देऊळ? येणाऱ्याने यावं की नाही? बरोबर आहे त्यांचं, माणसं तुटली. पण जे दोघंतिघं अजून येतात ते दाराशी फोन बंद करतात, आणि बाजू संपल्यावर आम्ही जे बोलतो तसं बोलणं मला ऑफिसात उभ्या जन्मात मिळालं नाही. मेहुण्यांनी सुई सरळ ठेवली असती तरी चाललं असतं. ओरखडा पाडला आहे, भुपाच्या बाजूवरच. तो आजही टक्‌ करतो.

मला खंत आहे ती दुसरीच. गायक मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडला राहायचे. मिरजेहून धारवाड असं काय लांब? थेट गाडी होती. पण रजा मिळेना, पोरांच्या परीक्षा, पुढच्या वर्षी जाऊ. रेकॉर्डी तर घरात आहेतच, असंही वाटायचं. १९९२च्या जानेवारीत देवासला कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, गेले, सप्टेंबरात धारवाडला मन्सूर. दोघांनाही समोर बसून ऐकायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून तू सवाईला जातेस याचं मला अप्रूप आहे, थोडा हेवाही. पण मांडवात बसून तू अर्धी मैफल फोनच्या पडद्यातून पाहिलीस, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. मग मी घरात खरखर ऐकत बसलेला बरा.

कुमारजींचं एक सांगतो. क्षयाने ते अंथरुणाला खिळले तेव्हा पंचविशीचेही नव्हते. १९४८मध्ये हवापालटासाठी देवासला आले. गायला सक्त मनाई. पाचेक वर्षं हा माणूस फक्त ऐकत होता. दारावरून जाणारे नाथपंथी जोगी, माळव्यातल्या बायकांची गाणी, बाजाराचे आवाज. उठायची सोयच नव्हती त्यांना! पुढे एका फुप्फुसाच्या बळावर पुन्हा उभे राहिले तेव्हा त्या लोकधुनांतून उगवलेले नवे राग आणि निर्गुणी भजनं घेऊन. तुझी ती हजारो मिनिटं आणि ही पाच वर्षं शेजारी ठेवून बघ. मी यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर हात थांबणार नाही.

आता काय करायचं ते. फोनवर बाजू नसते, तर तू पाड. रेकॉर्ड मुळात कोणत्या क्रमाने होती ते शोध, शफल बंद कर, विमानवाला मोड लाव आणि पाठ भिंतीला लावून बस. भांडी घासताना, लोकलमध्ये, अभ्यास करताना ऐकायला माझी ना नाही, फक्त ते हिशेबात धरू नकोस. एकाच रेकॉर्डला महिना दे. पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल, तो येऊ दे. माहिती आधी वाचू नकोस. कोण कुणाचा शिष्य, कुठलं घराणं, ते नंतर आपोआप विचारावंसं वाटेल, तेव्हा मी आहे.

संक्रांतीला तिकडून निघशील तर मिरजेला उतर. अमीर खाँसाहेब लावतो. मारवा मी दिवस मावळतानाच लावतो, तेव्हा सहाच्या आत पोच. उशीर झाला तर बाहेर पायरीवर बसून ऐकावं लागेल, मध्येच दार उघडणार नाही. दरबारीची बाजू रात्री, जेवणं उरकल्यावर. मुक्कामाला आहेस असं घरी सांगून ये. काकू गुळाच्या पोळ्या करतील.

यादी पाठवायचीच असेल तर तीन नावांचीच पाठव. फक्त ‘सहेला रे’ खोड आणि भूप लिही.

तुझा
काका