वाटीखालचं दुखणं आणि टाचेमागची शीर

प्रश्न : वय २२, खो-खो खेळते. चार महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. तीन आठवडे सराव बंद केला की बरं वाटतं, मैदानात उतरले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रिपोर्टमध्ये ‘पटेलर टेंडिनोपॅथी’ लिहिलंय. आणखी विश्रांती घ्यावी का? (सांगली)

उत्तर : नको. विश्रांतीनं दुखणं शमतं, पण टेंडन, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारा तो दोर (टेंडिनोपॅथी म्हणजे त्याचंच दुखणं), त्या तीन आठवड्यांत आणखी कमजोर होतो. मग चौकात बसून खो मिळताच झेपावलात की तोच जुना भार आधीपेक्षा कमी ताकदीच्या टेंडनवर पडतो. तुमचं दुखणं परत येतं ते यामुळे.

आधी एक खात्री करा. दुखरी जागा एका बोटानं, नेमकी वाटीच्या खालच्या टोकावर दाखवता येते का? आणि अर्ध्या बैठकीपेक्षा पूर्ण बैठकीत, त्याहून उडी मारताना जास्त दुखतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर रिपोर्ट आणि लक्षणं जुळतात. तळहात फिरवून ‘इथं सगळीकडे’ असं दाखवावं लागत असेल, तर दुखणं बहुधा वाटीमागचं आहे आणि त्याचे व्यायाम वेगळे.

सुरुवात मैदानातल्या खांबापासूनच करा. न ताणणारा जाड पट्टा खांबाला गुंडाळून दोन्ही गुडघ्यांच्या मागे, पोटरीच्या वरच्या टोकाला अडकवा. खांबाकडे तोंड करून मागे सरका, पट्टा ताणला गेला पाहिजे. आता पाठ ताठ आणि नडग्या उभ्या ठेवून खुर्चीत बसल्यासारख्या खाली जा आणि ४५ सेकंद थांबा. असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं विसावा. मांडी थरथरायला हवी. थरथरत नसेल तर आणखी खाली जा. अनेकांचं दुखणं यानंतर काही वेळ उतरतं, म्हणून सरावाआधीही करता येतं.

दोनेक आठवड्यांनी वजन. जिममध्ये लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं यंत्र) किंवा लेग एक्स्टेंशन (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं यंत्र), एका दिवसाआड, आठवड्यातून ३ दिवस. जे वजन जेमतेम १५ वेळा उचलता येईल तिथून सुरू करा, ४ सेट. दर दोन-तीन आठवड्यांनी वजन वाढवून आवर्तनं १२, १०, ८, ६ अशी उतरवा. वर जायला ३ सेकंद, खाली यायला ३ सेकंद. इथंच बहुतेकांचं बिघडतं. घाईघाईनं केलं की झटक्यानं काम भागतं आणि टेंडनवर भार पुरेसा वेळ राहत नाही. दुसरी चूक म्हणजे दोन्ही पायांनी करणं. चांगला पाय नकळत सगळं ओढून नेतो आणि दुखरा तसाच राहतो. एकेका पायानं करा.

व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं, दहापैकी ३-४ पर्यंत. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. रोज उठल्यावर दुखऱ्या पायावर एकच अर्धी बैठक मारा आणि दुखण्याला आकडा द्या. कालच्याइतकाच असेल तर भार बरोबर होता, वाढला असेल तर पुढच्या वेळी वजन थोडं कमी करा. व्यायाम मात्र सोडू नका. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम केलात तर हा आकडाच खोटा पडतो.

उड्या आणि झेपा सर्वांत शेवटी, तेही दर तिसऱ्या दिवशी. जोराच्या भारानंतर पहिला दिवसभर टेंडनमधलं कोलॅजन, म्हणजे ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी तो विणलेला असतो ते, बनण्यापेक्षा जास्त झिजतं, भरणी त्यानंतर होते. रोज उड्या मारल्यात तर भरणीला वेळच मिळत नाही. या सगळ्याला किमान १२ आठवडे धरा. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन स्पर्धेत उतरायचा मोह होईल. काही आठवडे दुखणं थांबेलही, पण टेंडन कमकुवत होतो, म्हणून आमचं मत त्याच्या ठाम विरोधात आहे.

प्रश्न : वय ५१. सातारच्या डोंगरी स्पर्धेसाठी धावतो. सकाळी पहिली पावलं टाकताना टाचेमागची शीर आखडते. जिन्यावर टाच खाली सोडायचा व्यायाम सुरू केला, तर दुखणं वाढलं. (सातारा)

उत्तर : ही शीर म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा टेंडन. ती चिमटीनं दाबत खाली या. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल, तर जिन्याचा व्यायाम तुमच्यासाठीच आहे : दोन्ही पायांनी वर, एका पायानं सावकाश खाली. गुडघा ताठ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पण अगदी हाडाला चिकटते तिथं दुखत असेल, तर टाच पायरीखाली जाताना शीर हाडावर दाबली जाते. तुमचं वाढलं ते बहुधा याचमुळे. व्यायाम सपाट जमिनीवरच करा, पोटरीचं स्ट्रेचिंग थांबवा आणि काही आठवडे बुटात टाचेखाली सेंटिमीटरभर पॅड घाला. चढाचे रस्तेही तोवर नकोत.

मागच्या काही महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतंत का? ही प्रतिजैविकं याच शिरेला त्रास देतात. घेतली असतील तर डॉक्टरांना सांगा. धावताना कुणी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. गुडघ्याखाली हाडावर टेंगूळ आलंय, दाबलं की दुखतं. (नाशिक)

उत्तर : वाढीच्या वयात टेंडन जिथं नडगीला जोडलेला असतो, तिथलं हाड अजून कोवळं असतं आणि ओढीनं सुजतं. खेळ पूर्ण बंद करू नका, उड्या आणि धावणं निम्म्यावर आणा, सरावानंतर १० ते १५ मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. तेल लावून जोरात चोळू नका. वाढ पूर्ण झाली की दुखणं जातं, टेंगूळ राहू शकतं. मात्र मुलगा लंगडत असेल आणि गुडघ्यावर दाबूनही दुखरी जागा सापडत नसेल, तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या. या वयात खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि तिथं उशीर परवडत नाही.