जुना लॅपटॉप अचानक बंद पडतो तेव्हा

सुटे भाग बदलण्याची घाई करू नका. आधी लॅपटॉप नेमका केव्हा बंद पडतो, हे दोन-तीन दिवस लिहून ठेवा. व्हिडिओ किंवा जड काम सुरू असताना पंखा घोंघावतो, तळ चटका बसण्याइतका तापतो आणि मग पडदा एकदम काळा होतो, असे होत असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा, कारण प्रोसेसरचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की तो स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचे मागचे झाकण उघडले तेव्हा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा चक्क नमद्यासारखा थर बसलेला होता, आणि बाहेरून फुंकर मारून तो कधीच निघाला नसता. साफ करताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, शक्य असल्यास बॅटरीची जोडणीही सोडवावी आणि हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता वाहून नेणारा लेप) वाळली असेल तर तीही बदलावी.

चार्जर काढताच बंद पडत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा असतो. टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता असल्याने वापर ताबडतोब थांबवा. ती दाबू किंवा टोचू नका.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील (यंत्रातील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनातील) ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून नवखे घाबरतात, परंतु ती फक्त यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही.