इंटिरिअरसाठी जमवलेले शेकडो फोटो आणि नमुने डिजिटल मूडबोर्डवर कसे लावावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टू बीएचकेचा ताबा मिळालाय, पिंटरेस्टवर सहाशे पिना आहेत, गॅलरीत स्क्रीनशॉट आहेत, व्हॉट्सअ‍ॅपवर सुताराने पाठवलेले सनमायकाचे फोटो आहेत, आणि यातलं नक्की काय ठरलं हेच सापडत नाही. अ‍ॅप कुठलं वापरू, असं तुम्ही विचारलंय. पण गोंधळ अ‍ॅपचा नाही. आवडलेलं, ठरलेलं आणि मागवायचं असं तिन्ही एकाच ढिगात पडलंय. या तिघांना तीन जागा द्या. आवडलेलं पिंटरेस्टवर राहू दे, ठरलेलं गुगल स्लाइड्समध्ये घ्या (हाच तुमचा मूडबोर्ड, म्हणजे खोलीचे रंग, नमुने आणि फोटो एकत्र मांडलेलं पान) आणि मागवायचं गुगल शीटमध्ये लिहा. कॅनव्हा किंवा मिलानोटवर बोर्ड जास्त देखणा होतो, हौस असेल तर जरूर करा. पण स्लाइड्स फुकट आहे, सुताराच्या फोनवरही उघडते आणि त्यात चित्राचं माप आकड्यात टाकता येतं. ते का लागतं, ते पुढे येईल.

आधी पिना चाळा. पिंटरेस्टच्या बोर्डात खोलीनुसार सेक्शन करा आणि एका खोलीत जास्तीत जास्त बारा फोटो ठेवा. प्रत्येक फोटोखाली नक्की काय आवडलं ते एका ओळीत लिहा: ‘हँडल नसलेलं शटर’, ‘पडदा छतापासून सोडलाय’, ‘बेडच्या मागे अर्ध्या उंचीचं पॅनल’. ओळ सुचत नसेल तर तुम्हाला त्या फोटोतला उजेड आवडलाय, सामान नव्हे. तो फोटो काढून टाका. हल्ली एआयने बनवलेल्या खोल्याही भरपूर दिसतात. कपाटाचं दार उघडणार कसं, ड्रॉवरच्या फटी सरळ आहेत का, पडद्याची दांडी कुठे टेकलीय, एवढं पाहिलं की त्या ओळखू येतात. त्यावरून सुताराकडे काम मागू नका.

आता मुख्य बोर्ड. स्लाइड्समध्ये फाइल, मग पेज सेटअप, मग कस्टम असं जाऊन ४२ × २९.७ सेंमी, म्हणजे ए३ माप द्या. एका खोलीला एक पान. त्यावर सर्वांत आधी बदलता न येणाऱ्या गोष्टी येऊ द्या: बिल्डरने बसवलेली फरशी, खिडकीची अ‍ॅल्युमिनियम चौकट, दाराची ग्रॅनाइट पट्टी, ओट्याचा दगड. बहुतेक लोक ‘पांढरी फरशी’ म्हणून हिला सोडून देतात आणि फसतात. बिल्डरची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल पांढरी नसते, ती पिवळसर किंवा गुलाबीकडे झुकलेली असते. तिच्याशेजारी निळसर राखाडी सनमायका लावला की फरशी मळकट दिसायला लागते. राखाडीच हवा असेल तर मातकट छटेचा घ्या.

यानंतर येतं प्रमाण. मूडबोर्डवर सगळे चौकोन सारख्या आकाराचे ठेवले की एका उशीचा मोहरीचा रंग आणि भिंतीचा रंग तुल्यबळ दिसतात. हॉल १० × १६ फूट आणि उंची ९ फूट धरू. चारही भिंती मिळून ४६८ चौरस फूट. दारं-खिडक्यांचे सुमारे ८८ वजा केले तर ३८० उरतात. फरशी १६०, पडदे ५६, टीव्हीमागचं पॅनल ४८, सोफ्याचा दिसणारा भाग साधारण ४०. आता एक चौरस फूट म्हणजे बोर्डावर एक चौरस सेंटिमीटर धरा. भिंतीचा रंग २० × १९ सेंमी, फरशी १६ × १०, पडदा ८ × ७, पॅनल ८ × ६, सोफा ८ × ५. चित्रावर उजवं क्लिक करून फॉरमॅट ऑप्शन्समध्ये हे आकडे टाका (इंच दिसत असतील तर २.५४ ने भागा). सगळे मिळून ६८४ चौरस सेंमी होतात, म्हणजे निम्म्याच्या आसपास पान उरतं. तिथे संदर्भाचे दोन-तीन फोटो आणि मजकूर बसतो. असा बोर्ड दिसायला ओबडधोबड होतो, पण घर कसं दिसेल ते तो बऱ्यापैकी खरं सांगतो.

एक गोष्ट हमखास राहते. संदर्भाच्या फोटोंत स्विचबोर्ड नसतो, एसीचा इनडोअर युनिट नसतो, इन्व्हर्टर नसतो, चपलांचं कपाट नसतं आणि देवघर तर नसतंच. हे सगळं बोर्डावर घ्या. गडद अक्रोडी पॅनलवर मधोमध पांढरी स्विच प्लेट आली की पॅनलची सगळी मजा जाते. हे बोर्डावर दिसलं तर काळ्या किंवा राखाडी प्लेट मागवायला वेळ असतो.

नमुन्यांचे फोटो कसे काढता यावर बाकी सगळं टिकून आहे. दुकानातल्या दिव्याखाली काढलेला फोटो रंगासाठी निरुपयोगी समजा. नमुना घरी आणा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही असा ठेवा, खोलीतले दिवे बंद करा, शेजारी कोरा पांढरा ए४ कागद ठेवा आणि वरून सरळ फोटो घ्या. स्लाइड्सवर टाकल्यावर तो कागद पिवळा किंवा निळा दिसला, तर फोटोतला सनमायकाही तेवढाच चुकलेला आहे. फोनमधले फिल्टर बंद ठेवा, आणि बोर्ड बघताना स्क्रीनचे रंग आपोआप बदलणारा नाइट लाइट किंवा ट्रू टोनही बंद ठेवा. सुताराला सांगा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर तो दाबून लहान होतो आणि लाकडाच्या रेषांचा चिखल होतो.

एवढं करूनही रंग स्क्रीनवर ठरवायचा नाही. बोर्ड पर्याय गाळायला, निवड हातात नमुना घेऊन. पिंटरेस्टच्या फोटोतून आयड्रॉपरने रंग उचलून ‘हाच द्या’ म्हणून रंगाच्या दुकानात जाऊ नका, कारण त्या फोटोचा उजेड आधीच बदललेला असतो. कंपनीचं शेड कार्ड पाहून दोन-तीन शेड निवडा, सर्वांत लहान डबे आणा, दोन-दोन फुटांच्या प्लायच्या तुकड्यांवर दोन हात द्या आणि ते तुकडे भिंतीभिंतीला टेकवून सकाळी आणि रात्री पाहा. दिवे कोणते लावणार ते मात्र आधी ठरवा. ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पिवळसर उजेडात आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तीच शेड दोन वेगळ्या शेड वाटतात. काही वेळा दुकानात तंतोतंत जुळलेले पडदा आणि सोफ्याचं कापड घरच्या दिव्याखाली चक्क वेगळे पडतात. दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असल्यामुळे हे होतं. म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यात दिव्याचा केल्विन आकडा लिहून ठेवा.

प्रत्येक चौकोनाखाली कंपनी, क्रमांक, फिनिश आणि जाडी लिहा. फिनिश विसरू नका. लॅमिनेटचा, म्हणजे सनमायकाचा, एकच क्रमांक मॅट, ग्लॉस, स्वेड अशा वेगवेगळ्या फिनिशमध्ये मिळतो आणि कोडच्या शेवटची अक्षरं तेच सांगतात. नुसता आकडा सांगितला तर दुकानदार जे हाताशी असेल ते देतो. रेषांची दिशाही बाणाने दाखवा. लॅमिनेटची शीट ८ × ४ फूट असते आणि लाकडी डिझाइनच्या रेषा सहसा आठ फुटांच्या बाजूने धावतात. बोर्डावर चित्र आडवं फिरवायला एक क्लिक पुरतो. साइटवर मात्र आठ फूट उंच पॅनलवर आडव्या रेषा घेतल्या की चार फुटांवर सांधा येतो. उभ्या रेषा घेतल्या आणि पॅनल सहा फूट रुंद असेल, तर सांधा उभा येतो. कुठला चालेल ते आधी ठरवा आणि तिथे रेघ मारा. जमल्यास त्या सांध्यावर मुद्दाम खाच किंवा पट्टी घ्या, मग तो झाकावा लागत नाही.

मागवायच्या यादीची गुगल शीट साधी ठेवा: खोली, वस्तू, क्रमांक व फिनिश, माप, नग, दुकान, दर आणि तो विचारल्याची तारीख, स्थिती. स्थितीचे चारच शब्द: नमुना, ठरलं, मागवलं, आलं. नग काढताना टाइलला दहा टक्के जास्त धरा. उदाहरणार्थ, ओट्यामागचा डॅडो, म्हणजे भिंतीवरचा टाइलचा पट्टा, १० × २ फूट म्हणजे २० चौरस फूट, वाया जाणारं धरून २२. ६०० × १२०० मिमीच्या दोन टाइलच्या बॉक्समध्ये १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट माल येतो, तेव्हा दोन बॉक्स लागतात. माल आला की बॉक्सवरच्या शेड आणि बॅच क्रमांकाचा फोटो त्याच ओळीत जोडा. पुढे दोन टाइल फुटल्या आणि वेगळ्या बॅचच्या आणल्या, तर फरक लांबूनही दिसू शकतो.

बोर्ड कुणाला पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा आणि फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ अशी नावं ठेवलीत तर सुताराकडे नेमकं जुनं असतं. घरच्यांना दाखवताना एका खोलीचे दोनच पर्याय दाखवा. पाच दाखवलेत तर प्रत्येकाचा सहावा तयार होतो.

शेवटी जिंकलेले खरे नमुने एका ट्रेमध्ये, त्या-त्या खोलीचं नाव मागे चिकटवून, साइटवरच ठेवा. शिवाय लॅमिनेटचे फोल्डर, म्हणजे कंपनीचे नमुन्यांचे कॅटलॉग, बदलतात आणि क्रमांक बंद होतात, म्हणून एका खोलीला लागणाऱ्या सगळ्या शीट एकदमच घ्या, आणि जास्तीची एक.