पश्चाताप की पश्चात्ताप? आणि संदेष्टा कोण?

प्रश्न सोलापूरहून आला आहे. ख्रिस्ती उपासनेच्या गीतांचे कागद टाइप करताना एका गीतात ‘पश्चाताप’ आणि दुसऱ्यात ‘पश्चात्ताप’ सापडले, तर बरोबर काय? शिवाय ‘संदेष्टा’ (देवाचा निरोप लोकांना सांगणारा) याऐवजी ‘भविष्यवादी’ घातले तर चालेल का?

बरोबर ‘पश्चात्ताप’च. पश्चात् + ताप, म्हणून दोन त. सुटा शब्द आपण पाय न मोडता ‘पश्चात’ लिहितो, पण समासात तो त् पुढच्या ताला जोडला जातो. ही चूक गाताना सापडत नाही, कारण ‘चा’ आणि ‘चात्’ दोन्ही गुरूच. पश् २, चात् २, ता २, प १ अशा दोन्ही रूपांच्या मात्रा सातच भरतात. त्यातून गाणारे ‘चाऽऽ’ लांबवतात आणि त् गिळतात. स्वर ‘चा’वर हवा तितका ओढा, पण ‘ता’ उचलण्याआधी जीभ दातांमागे क्षणभर अडली पाहिजे.

खरी गंमत क्रियापदात आहे. रोजच्या मराठीत पश्चात्ताप होतो, जास्त व्याजाचं कर्ज घेतल्यावर होतो तसा. बायबलमध्ये मात्र ‘पश्चात्ताप करा’ अशी आज्ञा आहे. होणाऱ्या गोष्टीची आज्ञा कशी देणार? मूळ ग्रीक शब्द मेतानोइया, म्हणजे मन पालटणे; जुन्या करारातला हिब्रू शब्द शूव, म्हणजे मागे फिरणे. ‘ताप’ दोन्हींत नाही. सोलापूरकरांना हे शेजारीच ऐकू येईल: तेलुगू बायबलमध्ये याला ‘मारुमनस्सु’ म्हणतात, म्हणजे पालटलेले मन, आणि कन्नडमध्ये ‘देवाकडे वळा’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. म्हणून गीतात नुसते ‘मला पश्चात्ताप झाला’ लिहिले तर अर्थ निम्माच येतो. जोडीला ‘फिरलो’, ‘परतलो’ असे क्रियापद असू द्या.

आता संदेष्टा. ‘भविष्यवादी’ जुना शब्द आहे, चूक नाही, पण राशिभविष्याचा वास येतो. बायबलमधल्या योना या संदेष्ट्याने निनवे शहराला सांगितले की चाळीस दिवसांत शहर उलथेल. लोक गोणपाट नेसले, वाईट मार्ग सोडून वळले आणि शहर वाचले. ज्योतिषाच्या हिशेबाने भाकीत फसले. संदेष्ट्याच्या हिशेबाने निरोप पोहोचला. तेलुगूत संदेष्ट्याला ‘प्रवक्ता’ म्हणतात, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (७:१) अहरोन आपल्या भावाचा, मोशेचा, संदेष्टा होतो, तो याच अर्थाने. मराठीत मात्र प्रवक्ता पक्षाचा असतो, तो गीतात नको.

चालीचेही बघा. संदेष्टा सहा मात्रांचा, भविष्यवादी आठ. तयार चालीत अदलाबदल केली की दोन मात्रा जास्त होतात आणि ओळ समेपाशी धडपडते. आणि विभक्ती लावताना ‘संदेष्टाने’ नको, ‘संदेष्ट्याने’, अनेकवचन ‘संदेष्टे’.