नागपूरहून सात वर्षांच्या मुलाला घेऊन तीन-चार दिवस जैसलमेरला जायचंय. रात्री वाळवंटात आकाशगंगेचे फोटो काढणं जमेल का?

जमेल. आणि मुलाला आईजवळ हॉटेलात ठेवून एकटेच जा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमच्याकडे नणंदेचे मिस्टर हेच सांगत असतात. लाखाचा कॅमेरा आहे त्यांच्याकडे. नाताळच्या सुट्टीत जातात आणि परत आले की आकाशालाच नावं ठेवतात. अहो, डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर सूर्यच धनू राशीत! आकाशगंगेचा झगझगीत मधला भाग त्याच बाजूला, म्हणजे तो दिवसा उगवणार आणि दिवसाच मावळणार. महागाचा कॅमेरा काय करेल त्याला?

आम्ही महाशिवरात्रीला गेलो. अर्धं विदर्भ पचमढीच्या महादेवाला निघालं होतं, आम्ही जोधपूरमार्गे जैसलमेरला. महाशिवरात्र अमावास्येला टेकून येते, त्यामुळे चंद्राची कटकट नाही. तिथला मरु महोत्सव मात्र माघ पौर्णिमेच्या सुमारास असतो. तेव्हा नाचगाणं बघा, ताऱ्यांचा नाद सोडा.

उतरलो समला, म्हणजे वाळूच्या टेकड्यांपाशी, शहरापासून 40 किलोमीटरवर. कॅम्पवाला फोनवर म्हणाला होता, "मॅडम, एकदम अंधेरा मिलेगा." जाऊन बघतो तर डीजे, आणि तंबूंच्या रांगेवर पांढरे फ्लडलाइट. बंद करा म्हटलं तर सिक्युरिटीचं कारण. मी वाद घातला नाही. त्या दिवसांत आकाशगंगेचा मधला भाग पहाटेच वर येतो, म्हणून जीपवाल्याशी ठरवलं, पोराला आठलाच झोपवलं आणि पहाटे चारला उठवलं. दिवे दिसणार नाहीत अशा टेकडीआड त्याने आम्हाला सोडलं.

दोन स्वेटर, माकडटोपी घातलेल्या आमच्या चिरंजीवांना एकच काळजी: विंचू. म्हटलं, वर बघ. आग्नेयेला अख्खा वृश्चिक चढत होता, ज्येष्ठा लालसर, खाली नांगी, आणि नांगीच्या डावीकडे आकाशगंगेचा तो पांढुरका पट्टा. मग पायाखालचं विसरला. त्याला काम दिलं: शटर उघडलं की मोठ्याने पंधरापर्यंत मोजायचं. एका फोटोत त्यालाच टेकडीवर उभं केलं. बरोब्बर शेवटी साहेबांनी नाक पुसलं, त्यामुळे फोटोत हाताच्या जागी धूर आहे नुसता. तोच आमच्या हॉलमध्ये लावलाय. नणंदेच्या मिस्टरांनी बघून एवढंच म्हटलं, "हललाय." हो, हललाय. तुमच्या फोटोत हलायला तरी कोण आहे?

कॅमेरा साधाच होता, सोबत आलेलीच लेन्स. लेन्स 18 मिमीवर, छिद्र एफ 3.5, शटर 15 सेकंद उघडं, आयएसओ (म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता) 3200. फोकस हातानेच, स्क्रीनवर ठळक तारा मोठा करून. वाळूत लेन्स बदलू नका. जास्तीची बॅटरी खिशात ठेवा, थंडीत लवकर बसते.

आधी घरच्याजवळ सराव करा. पेंचचं जंगल जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं ठिकाण, झालं. तिथल्या सिल्लारी गेटकडे एक रात्र काढली की पोरगं पहाटे उठतं की रडतं, तेही कळेल आणि जैसलमेरचा खर्च वाया जाणार नाही.

दिवसाचं फार ताणू नका. किल्ला, गडीसर तलाव, संध्याकाळी उंट. उंट आधी मागचे पाय उचलतो, पोरगं तोंडावर येतं. त्याला पुढ्यात घट्ट धरा आणि स्वतः मागे रेला.

हो, हे राहिलंच: मुलाला दम्याचा त्रास असेल तर वाळू आणि पहाटेची थंडी दोन्ही बाधतात, डॉक्टरांना विचारूनच निघा. आणि सुट्टी डिसेंबरमध्येच मिळत असेल तर जा खुशाल, मृग छान दिसतो तेव्हा. फक्त घरी येऊन आकाश साफ नव्हतं म्हणू नका, तसं म्हणणारे एक आमच्याकडे आहेत.