सही चित्राच्या आत कर

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तू घरी येऊन गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. निघताना दारात चपला घालता घालता तू हातातल्या दोन फायली एकामागून एक वर उचलल्यास आणि म्हणालीस, "सर, ही पोटासाठी आणि ही माझी." तुला डोंबिवलीची गाडी गाठायची होती, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. पण ते वाक्य घरातून गेलेले नाही. वर्षभर कामे बंद करून फक्त स्वतःची चित्रे काढू का, असे तू विचारले होतेस. त्याचे उत्तर मी या पत्रात देईन, पण त्याआधी त्या वाक्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

तुझ्या "पोटासाठी"च्या फायलीत मसाल्याच्या पाकिटासाठी काढलेले एक चित्र आहे. उखळात मिरची कांडणारी बाई. मुसळ वर गेलेले आहे, डाव्या पायाची टाच जमिनीवरून किंचित सुटलेली आहे, आणि मिरचीचा ठसका लागू नये म्हणून तिने तोंड उजवीकडे वळवून पदराचे टोक दातांत धरले आहे. हे तुला काम देणाऱ्याच्या कोणत्याही ब्रीफमध्ये, म्हणजे सूचनांच्या कागदात, लिहून मिळालेले नाही. तू तुझ्या मावशीला कांडताना पाहिले आहेस, असे तूच मला सांगितलेस. त्या सुटलेल्या टाचेत त्या बाईचे सगळे वजन आहे, आणि ती रेघ तू एकदाच, न थांबता ओढली आहेस, हे मला कागदावर दिसले. आता "माझी" म्हणून दाखवलेली फाईल घे. मोठ्या डोळ्यांच्या उदास मुली, त्यांच्या केसांतून उगवलेली फुले, पाठीमागे चंद्र, कधी एखादा मासा. हात सफाईदार आहे, रंग नेटके आहेत. पण त्या मुली मी गेल्या पाच वर्षांत शंभर जणांच्या कागदांवर पाहिल्या आहेत, आणि यापैकी एकीलाही तू प्रत्यक्ष पाहिलेले नाहीस. मुली, ही फाईल तुझी नाही. तुझी फाईल दुसरी आहे.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. त्या उदास मुलींच्या प्रत्येक चित्राखाली तुझी वळणदार सही आहे, तारखेसकट. मसाल्याचे पाकीट मात्र मी चारही बाजूंनी फिरवून पाहिले. त्यावर तुझे नाव कुठेच नाही.

हे पाहून मला इतके वाईट का वाटले ते सांगतो. मी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलो. तिथे १९३५ साली कमर्शियल आर्टचा वर्ग सुरू झाला आणि १९५८ मध्ये अप्लाइड आर्टची, म्हणजे जाहिराती-छपाईसाठी लागणाऱ्या चित्रकलेची, वेगळी संस्था झाली. एकाच आवारात, एकाच झाडाखाली चहा पिणारी आम्ही मुले "फाइनवाले" आणि "अप्लाइडवाले" अशी दोन जातींची झालो. मी अप्लाइडवाला. फाइनवाल्यांसमोर मला कमीपणा वाटे, आणि तो कमीपणा मी पुढे वीस वर्षे पोसला. एका जाहिरात संस्थेत मी इलस्ट्रेटर म्हणून नोकरीला लागलो. दिवसा ऑफिसची चित्रे, रविवारी "स्वतःची" चित्रे. तुझ्यासारख्याच दोन फायली, फक्त माझ्या वेळी एक टेबलावर आणि दुसरी ट्रंकेत होती.

त्या नोकरीत मी खताच्या एका कंपनीसाठी बारा पानांचे कॅलेंडर केले. जुलैच्या पानावर भाताची आवणी होती. पाच बाया ओळीने वाकलेल्या, पाठीवर इरली, पिंढऱ्यांवर जिथपर्यंत चिखल चढला होता तिथे मी कोरड्या ब्रशने एक तपकिरी रेघ ठेवली होती. त्या एका पानासाठी मी दोन दिवस इगतपुरीकडच्या बांधावर भिजत बसलो होतो. चित्रावर सही केली नाही. संस्थेत तशी पद्धत नव्हती, आणि खरे सांगायचे तर मला ती करावीशीही वाटली नाही, कारण ते काम "पोटासाठी" होते. पुढे अकरा वर्षांनी घोटीजवळ एका चहाच्या टपरीत तेच पान काच लावून, चौकट करून टांगलेले मला दिसले. तारखांचा भाग कापून टाकलेला होता. टपरीवाल्याला विचारले, तर म्हणाला, "आमच्या आईला आवडायचं, म्हणून ठेवलंय. कुणी काढलंय ते ठाऊक नाही." मी म्हणालो, मी काढले आहे. त्याने माझ्याकडे अदबीने पाहिले, सुटे पैसे हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याने विश्वास का ठेवावा? कागदावर माझे नाव कुठे होते?

आणि ट्रंकेतल्या चित्रांचे काय झाले, तेही ऐक. ती मी एका प्रदर्शनात लावली. एकतीस कॅनव्हास, सात दिवस, दोन विकले गेले, दोन्ही नातेवाइकांना. त्या काळी जे चालत होते त्याचीच ती नक्कल होती. प्रत्येकावर मात्र उजव्या कोपऱ्यात ठळक सही होती. म्हणजे जे माझे होते त्याच्यावर मी नाव घातले नाही, आणि जे माझे नव्हते त्याच्यावर मिरवले. याची बोच आजही गेलेली नाही, आणि म्हणूनच तुझ्या दोन फायली पाहून माझा आवाज चढतो.

म्हणून सांगतो, सही कर. पोटासाठी काढलेल्या चित्रावर आधी कर.

तू म्हणशील, दिवस बदलले आहेत. बदललेले नाहीत. चित्रकार म. वि. धुरंधर १८९० ते १९३१ अशी एक्केचाळीस वर्षे जे.जे.शी बांधलेले होते, मोठमोठी तैलचित्रे करत होते, आणि त्याच हाताने पोस्टकार्डे आणि पोस्टरेही करत होते. त्यांनी पोस्टकार्डाला कमी रेघ दिली नाही. मडगावात जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली "दीपावली" हा अंक सुरू केला. मुखपृष्ठे, कथाचित्रे, कॅलेंडरे असे सारे बाजारासाठीच केले, आणि आमच्या घरी माझ्या वडिलांनी अंक आणला की आई आधी चित्राखालची सही पाहत असे. रघुवीर मुळगावकरांच्या देवादिकांच्या चित्रांचीही तीच गोष्ट. लोक त्यांना देव्हाऱ्याजवळ लावत आणि चित्रकाराचे नाव सांगत. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी तर सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी केली. त्यांचे पोट तिकडे भरत होते आणि चित्रे सगळी एकाच घरची राहिली. या माणसांनी हाताची वाटणी केली नाही. हात एकच असतो. त्याची वाटणी केलीस तर दोन्ही वाट्यांना निम्मेच येते, हे मी वीस वर्षे खर्चून शिकलो आहे.

"पण क्लायंटने तीन वेळा बदलायला लावलेल्या चित्रावर मी सही कशी करू?" असे तू चहा घेताना विचारलेस. हा प्रश्न तू उलट्या टोकाने धरला आहेस. सही करायचीच आहे हे रफ, म्हणजे कच्चे चित्र, काढतानाच ठरवलेले असेल, तर दुसऱ्या करेक्शनलाच तुझा हात आपोआप थांबतो आणि तू फोन उचलतेस. साडीचा रंग बदला म्हणाले तर बदल, त्यात तुझे काही जात नाही. बाईला हसायला लावा म्हणाले, तर सांग की मुसळ उचलणारी बाई दातांत पदर धरून हसत नाही. नीट समजावून सांगितले की दहांतले सहा जण ऐकतात, हा माझा अनुभव आहे. उरलेल्या चौघांचे काम सोडायचे की नाही ते त्या महिन्याच्या भाड्यावर ठरव. मी तुला उपाशी राहायला सांगत नाही. पण ज्या चित्रावर नाव घालावेसे वाटत नाही, असे चित्र वर्षातून किती वेळा हातून बाहेर गेले याची मोजदाद ठेव. बोधचिन्हांवर, अक्षरांच्या कामावर सही होत नाही हे मला माहीत आहे. तिथे ते काम आपल्या नावाने दाखवण्याची मुभा पत्रात लिहून घे. इतकेच.

लिहून घेण्याबद्दल तू फार भोळी आहेस, म्हणून थोडे कोरडे बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पैसे देऊन कुणी रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर तिथेही करार नसेल तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. उलट, जे हक्क तुझे आहेत ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनेच द्यावे लागतात, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. मसालेवाल्याने तुला व्हॉट्सअॅपवर "ओके मॅडम" एवढेच पाठवले आहे. त्याला हक्कांचा लेखी करार म्हणत नाहीत. पण याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम वाच. मालकी विकली तरी हे काम मी केले आहे असे म्हणण्याचा, आणि आपली बदनामी होईल अशी त्याची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क करणाऱ्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ साली उतरवले गेले. ते भांडत राहिले, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले. सरकारने पैसे मोजून करवून घेतलेले काम होते ते. त्यांनी ते "पोटासाठी" म्हणून सोडून दिले नाही.

मी उशिरा शहाणा झालो. नोकरी सोडल्यावर तीन अटी घातल्या: सही छापली जाईल, पुस्तकात नाव लागेल, ओरिजिनल परत मिळेल. एका प्रकाशकाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझे चित्र घेतले आणि मांडणीत खालची अर्धा इंच पट्टी कापली. सही त्या पट्टीत होती. मी पुढची चार पुस्तके परत केली. ते माझ्या मुलाचे बारावीचे वर्ष होते, घर माझ्या पत्नीच्या शाळेच्या पगारावर चालले, आणि क्लासची फी तिने तिच्या बांगड्या मोडून भरली. मुलगा आजही म्हणतो की त्या वर्षी अर्ध्या इंचाकडे दुर्लक्ष केले असते तर काही बिघडले नसते. बिघडले असते. पाचव्या पुस्तकाला माझा हात सैल पडला असता, सहाव्याला मी बांधावर जाऊन भिजलो नसतो, जुन्या चित्रावरून नवे काढले असते. मी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसलो असतो जिथून उठायला मला वीस वर्षे लागली होती. पत्नीने तेव्हा मला एका शब्दाने विचारले नाही, आणि बांगड्या मी तिला अजून करून दिलेल्या नाहीत, हेही खरे आहे. तरीही ती चार पुस्तके मी आज पुन्हा परत करीन.

तेव्हापासून मी सही कोपऱ्यात करणे सोडले. कोपरा कापणाऱ्याचा असतो. माझी सही बैलाच्या खुरांमध्ये असते, माठाच्या बुडाशी असते, गवताच्या पात्यांत असते. ती काढायची तर चित्राचा जीव काढावा लागेल अशी जागा मी रफमध्येच ठरवून ठेवतो.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. वर्षभर कामे बंद करू नकोस. मसाला, लग्नपत्रिका, मुलांची पुस्तके, जे येते आहे ते घे, आणि प्रत्येकाच्या वेळी मावशीकडे, बाजारात, एसटीच्या स्टँडवर जाऊन बस. बंदच करायचे असेल तर त्या उदास मुली सहा महिने बंद कर. तुला राग येईल. येऊ दे. मला पत्राने शिव्या घातल्यास तरी चालतील, पण ती सुटलेली टाच ज्या मुलीला दिसते तिने फुलांच्या केसांत दिवस घालवलेले मला बघवत नाही.

तू म्हणालीस, पाकिटाची दुसरी छपाई दिवाळीआधी आहे. म्हणजे हातात वेळ आहे. मालकाला उद्याच फोन कर आणि नंतर तेच लेखी पाठव. उखळ आणि तिचा डावा पाय यांच्यामध्ये अंगठ्याएवढी मोकळी जागा आहे, सांडलेल्या दोन मिरच्यांच्या जरा वर. पाकिटाची घडी तिथे येत नाही, वजन-किंमत छापायची जागाही दूर आहे. मी पट्टी लावून मोजले आहे, चौदा मिलिमीटर आहेत. त्यात तुझे नाव मावते. उदास मुलींखाली करतेस ती वळणदार सही नको, साधे देवनागरीत लिही, आणि मुसळाला वापरलेल्याच शाईने. छापून आले की पहिले पाकीट मावशीला दे आणि दुसरे मला पाठव.

तुझा,
सर