‘माझं दुखणं यांना दिसतच नाही’

दीर्घ आजाराशी झगडणारी माणसे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा आजाराविषयी ती फार वेळ बोलत नाहीत, कारण आजारासाठी त्यांच्याकडे डॉक्टर असतात, फायली असतात आणि गोळ्यांचे डबेही असतात. थोड्याच वेळात बोलणे जोडीदाराकडे वळते. “माझं दुखणं यांना दिसतच नाही,” हे वाक्य मी थायरॉइडच्या रुग्णाकडून ऐकले आहे, आतड्याच्या जुनाट विकाराने बेजार झालेल्या शिक्षिकेकडून ऐकले आहे आणि डायलिसिसवर असलेल्या एका गृहस्थाकडूनही ऐकले आहे. त्या गृहस्थाची पत्नी त्यांच्या पाण्याचा प्रत्येक घोट मोजत असे. मात्र भीती वाटते का, हे तिने त्यांना कधी विचारले नव्हते. या तक्रारीमागे काय असू शकते, ते एका जोडप्याच्या अनुभवातून सांगते. त्यांची संमती घेतली आहे, नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माधुरी अडतीस वर्षांची होती आणि तिला आमवात, म्हणजे र्‍ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला होता. पती सतीश चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात होते. घरी शाळकरी मुले आणि सासूबाई. पहिल्याच भेटीत माधुरी म्हणाली, “मॅडम, यांना मी धडधाकट दिसते. घरी पाहुणे आले की हे म्हणतात, हिला काही होत नाही, फक्त रविवारी होतं.” शेजारी बसलेल्या सतीशरावांनी हे नाकारले नाही. ते म्हणाले, “खोटं कशाला बोलू? आठवडाभर सगळं करते. मी घरी असलो की झोपून राहते. डॉक्टरकडे नेतो, औषधं आणतो, बिलं भरतो. आणखी काय करायचं?”

या आजाराबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण घरोघरी तिथेच गल्लत होते. वयोमानाने गुडघे झिजतात, तो प्रकार वेगळा. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. तो बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो. झिजेचे दुखणे विश्रांतीने निवते, आमवाताचे सांधे मात्र विश्रांतीनंतर आखडतात. म्हणून सकाळ सर्वांत वाईट असते, बोटे तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ वळत नाहीत आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळी होतात. शिवाय आज बरे, उद्या बेजार असा त्याचा लहरी स्वभाव आहे. मंगळवारी पोळ्या लाटणारी बाई बुधवारी बाटलीचे झाकण उघडू शकत नाही, आणि न जाणणाऱ्याला ते नाटक वाटते.

मी दोघांनाही एकेक कोरा कागद दिला आणि माधुरीचा मागचा आठवडा तासातासाने लिहायला सांगितला, पण एकमेकांना न दाखवता. पुढच्या भेटीत कागद शेजारी ठेवले. सतीशरावांच्या कागदावर तिचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू होत होता आणि पुढे ‘डबा’ असे लिहिले होते. माधुरीच्या कागदावर तोच दिवस चारला सुरू होत होता. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले.

“चार वाजता तू काय करतेस?”

“हात गरम पाण्यात घालून बसते. बोटं मिटायला लागली की कणीक घेते. तुमची बस सहाची असते ना.”

“मला वाटायचं देवाचं काहीतरी करतेस.”

“तुम्हाला जाग येऊ नये म्हणून बाहेरचा दिवा लावत नाही.”

दुसरा उलगडा त्याच कागदावर होता. आमवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि घेतल्यावर काही जणांना दुसऱ्या दिवशी मळमळ आणि गळून गेल्यासारखे होते. माधुरीने त्यासाठी शनिवारची रात्र ठरवली होती, कारण रविवारी डबा नसे, शाळा नसे आणि पडून राहता येत असे. म्हणजे सतीशरावांची सुट्टी आणि तिचा सर्वांत वाईट दिवस तिने स्वतःच एकत्र बांधले होते, तेही त्यांना कामाच्या दिवशी त्रास होऊ नये या विचाराने. त्यांना मात्र सहा दिवस निरोगी पत्नी दिसे आणि सातव्या दिवशी, नेमकी ते घरी असताना, ती आडवी झालेली दिसे. जे डोळ्यांना दिसत होते त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण निष्ठुर नव्हता. असंवेदनशील म्हणून माझ्याकडे आणल्या जाणाऱ्या अनेक जोडीदारांना आजाराचा सर्वांत महत्त्वाचा भाग कोणी कधी दाखवलेलाच नसतो, हे या कागदांमुळे मला पूर्वीपेक्षा अधिक स्पष्टपणे कळले.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर समुपदेशकाची गरज उरली नसती. कागद पाहिल्यानंतरही सतीशराव “कसं वाटतंय?” असे विचारत नव्हते. का, असे मी विचारल्यावर ते थोडे चिडून म्हणाले, “विचारलं की ती रडते. मग मी काय करू? आमच्याकडे दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा बंद पडलं की मेंटेनन्सवाल्याला जाब द्यावा लागतो. हिचं तर दर आठवड्याला बंद पडतं.” हे ऐकताच माधुरी हसली, आणि मग तेही हसले. पण त्यांच्या वागण्याची किल्ली त्या वाक्यात होती. पत्नीचे प्रत्येक कण्हणे त्यांना आपल्यावर ठेवलेला ठपका वाटत होते. जे बरे करता येत नाही ते पाहायचेच नाही, हा त्यांनी नकळत काढलेला मार्ग होता.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या विचारात वाढले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली ही विचारसरणी सांगते, की प्रसंगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रसंगाबद्दल आपण धरलेला हट्ट आपल्याला छळतो. स्वतः एलिस यांना चाळिशीत मधुमेह जडला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी तो सांभाळत काम केले. त्यामुळे आजारी माणसासमोर हा विचार ठेवताना मला संकोच वाटत नाही. मात्र एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. सांध्यातली कळ हा अविवेकी विचार नव्हे, ती कळच आहे. तिच्यावर औषध घ्यायचे. विचारांनी कमी होते ते तिच्यावर चढलेले दुसरे दुःख.

सतीशरावांचा हट्ट होता, की मला हिला बरे करता आलेच पाहिजे, नाहीतर मी नालायक ठरतो. माधुरीचाही एक हट्ट होता आणि तो तिला प्रेमासारखा वाटत होता: यांनी माझे दुखणे न सांगता ओळखले पाहिजे, सांगून मिळालेल्या मदतीला काय अर्थ? मी तिला विचारले, “गेल्या महिन्यात यांचं सर्वांत मोठं टेन्शन कोणतं होतं?” ती गप्प राहिली. कारखान्यात कपात होणार अशी बोलवा होती, हे त्या दिवशी तिला प्रथमच कळले. दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणून लपवत होते आणि समोरच्याला कळत नाही म्हणून रुसत होते.

अशा घरांना माझा पहिला सल्ला हाच असतो, की आजार दिसू द्या. तज्ज्ञांकडे जाताना जोडीदाराला किमान एकदा आत न्या आणि प्रश्न त्याला विचारू द्या, कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले आणि पत्नीच्या तोंडून ऐकलेले यांचे वजन दुर्दैवाने सारखे पडत नाही. मदत मागताना ती मोजकी आणि नेमकी मागा. “तुम्ही कधीच काही करत नाही” या वाक्यातून काम निघत नाही, “आज हात जास्त धरलाय, कुकर तुम्ही लावा” यातून निघते. बऱ्या दिवशी आठवड्याचे काम उपसण्याचा मोह टाळा. अपराधीपणाची ती परतफेड दुसऱ्या दिवशी महागात पडते. आणि सगळे रडणे एकाच खांद्यावर टाकू नका, बहीण, मैत्रीण, त्याच आजाराचे इतर रुग्ण यांच्यातही ते वाटले जाऊ द्या. जोडीदारांना सांगायचे ते थोडे आहे. विचारपूस म्हणजे परीक्षा नव्हे. ऐकून घेणे हेच त्या वेळचे काम असते. तुम्हालाही थकवा येईल, रागही येईल, तो वेगळ्या वेळी बोलून दाखवा.

इथे एक भेद करणे आवश्यक आहे. औषधाचे पैसे अडवणे, उपचार बंद पाडणे, आजारावरून चारचौघांत सतत अपमान करणे किंवा हात उगारणे याला मदत न जमणे म्हणत नाहीत. तो छळ आहे, आणि तिथे संवादाचे धडे देत बसणे चूक ठरते. स्त्रियांसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, 181 ही महिला हेल्पलाइन आहे. मन फारच खचले असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सतीशरावांना मी एक निश्चित काम दिले. गोळीचा वार आणि रक्ततपासणीच्या तारखा यांचा तक्ता त्यांनी सांभाळायचा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते आणि यकृताची तपासणीही नियमित करावी लागते, त्यामुळे काम नाममात्र नव्हते. त्यांनी कारखान्यात लावतात तसा तक्ता फ्रिजवर लावला आणि पुढच्या तपासणीला स्वतःहून डॉक्टरांना विचारले, “वार बदलता येईल का?” डॉक्टरांच्या संमतीने आणि त्यांनी आखून दिल्याप्रमाणे गोळी बुधवार रात्रीवर आणली गेली. गुरुवारी ते कॅन्टीनमध्ये जेवतात, घरी पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या येतात. अजूनही तिची बोटे फार सुजली की ते गप्प होतात. आता ती त्याचा अर्थ तिटकारा असा लावत नाही. सासूबाईंचे “वात काय, आम्हालाही होता” हे पालुपद चालूच होते. एकदा सतीशरावांनीच त्यांना झीज आणि आमवात यांतला फरक समजावून सांगितला. सासूबाईंना तो फारसा पटलेला नाही, पण पाहुण्यांसमोर त्या आता ते बोलत नाहीत.